टाचेवरचा चुना

नगर जिल्ह्यात बास्केटबॉल समजणारा एकच माणूस होता आणि ही गोष्ट त्यानेच सगळ्यांना सांगितलेली होती. शांतवन साळवे त्यांचं नाव. आमच्या मिशनच्या शाळेत ते दिवसा इतिहास-भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर पंच व्हायचे. दोन्ही कामं एकाच आवाजात. पानिपतावर मराठे का हरले हे सांगताना आणि चेंडू हातात घेऊन तीन पावलं पळालेल्या पोराला थांबवताना त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असे : नियम माहीत नव्हते, दुसरं काय.

लढाईच्या दिवसांत मी त्या शाळेत अंकगणित शिकवायला लागलो. तिसऱ्याच दिवशी साळवे मास्तर शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. उंच, काटकुळे, काळ्या कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली पितळी शिट्टी.

"पाठक, तुम्हाला बेरीज येते?"

मी अंकगणिताचा मास्तर. म्हटलं, "येते."

"चुकत नाही ना?"

"सहसा नाही."

"सहसा," ते म्हणाले आणि थोडा वेळ त्या शब्दाकडे नापसंतीने पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून तुम्ही गुणलेखक."

गुणलेखक म्हणजे मैदानाच्या कडेला टेबलाशी बसून कुणी किती गुण केले, कुणाच्या किती चुका झाल्या, हे लिहिणारा. मास्तरांनी मला त्या कामाची दीक्षा दिली ती अशी : "गुणलेखकाने लिहायचं. बोलायचं नाही. तुम्हाला काही दिसलं, तरी ते तुम्हाला दिसलेलं नाही. दिसायचं काम पंचाचं."

मी मान डोलावली. नोकरी नवी असताना माणूस कशालाही मान डोलावतो.

मास्तरांकडे नियमांचं एक पुस्तक होतं. विलायतेला परत जाताना कुणा साहेबाने त्यांना ते दिलं होतं. खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं ते पुस्तक आणि बायबल एकाच पिशवीत असायचं. "पुस्तकात आहे" हे त्यांचं वाक्य शाळेत दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं आणि नव्या माणसाला वाटायचं, मास्तर शास्त्रातलं काही सांगतायत. मग रविवारी, शब्बाथाच्या दिवशी, टप्पे न घेता पळू नये, असं काहीतरी त्याच्या डोक्यात पक्कं व्हायचं.

पुस्तक इंग्रजीत होतं. मास्तरांनी त्याचं मराठी केलं, एका लांबोड्या वहीत, लाल शाईने. फाऊलला ते 'आगळीक' म्हणायचे. चार आगळिका झाल्या की खेळाडू बाद. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांना उन्हात उभं करून ते ही वही वाचून दाखवायचे. धक्का देणे ही आगळीक, धरणे ही आगळीक, पाय आडवा घालणे ही आगळीक. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची. वाचन संपेपर्यंत एखाद्याला घेरी यायची, आणि मास्तर त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना सांगायचे की शरीरसामर्थ्याविना हा खेळ शक्य नाही.

वहीतलं शेवटचं कलम ते दोनदा वाचायचे. "पंचाशी बोलायचं नाही. पंचाचा निर्णय अंतिम."

या खेळाची जिल्हा शालेय साखळी होती. सहा शाळा, एक ढाल. ढाल दिली होती रावसाहेबांनी, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ. रावसाहेब निवृत्त मामलेदार. त्यांना हा खेळ अतिशय प्रिय होता, आणि यात गोलकीपर का नसतो हा प्रश्न ते दर वर्षी तितक्याच जिव्हाळ्याने विचारायचे. बक्षीस-समारंभात ते खिलाडूवृत्तीवर बोलायचे. ढालीखेरीज एक छोटा पेलाही होता, खिलाडूवृत्तीचा. तो नेमाने अंतिम सामना हरलेल्या संघाला मिळायचा. जिंकलेल्यांना खिलाडूवृत्ती द्यायची कुणाला गरज वाटत नसे, आणि हरलेल्यांनी तक्रार न करता आपापल्या गावी जावं ही व्यवस्थापक मंडळाची मनापासूनची इच्छा असे.

एकदा सामना रंगात असताना रावसाहेब उशिरा आले. त्यांची खुर्ची मैदानाच्या पलीकडच्या अंगाला होती. हातात काठी, डोक्याला रुमाल, असे ते सरळ मैदानातून चालू लागले. मास्तरांनी शिट्टी फुंकली. सगळं थांबलं. रावसाहेबांना वाटलं, आपल्या स्वागतासाठी थांबवलंय. त्यांनी हात जोडले.

मास्तर म्हणाले, "रावसाहेब, आपण मैदानात आहात."

"अहो, मी अध्यक्ष आहे."

"अध्यक्षांचा उल्लेख नाही. खेळाडू, पंच आणि चेंडू, इतकंच पुस्तकात आहे. आपण यांपैकी कोण?"

रावसाहेब परत फिरले, रेषेबाहेरून सगळ्या मैदानाला वळसा घालून खुर्चीशी गेले, आणि त्या दिवशीच्या भाषणात खिलाडूवृत्तीचा विषय त्यांनी फार थोडक्यात आटोपला.

काष्टीला तर मास्तरांनी अख्ख्या गावाला आगळीक दिली. तिथला सामना नेमका बाजाराच्या दिवशी पडला. बैलं विकायला आलेली माणसं बैलं झाडाला बांधून खेळ बघायला आली. आपल्या पोरांचा चेंडू कडीतून हुकला की ती पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मास्तरांनी दोनदा शिट्टी वाजवून समज दिली. तिसऱ्या वेळी ते माझ्या टेबलाशी आले.

"पाठक, लिहा. प्रेक्षकांची आगळीक."

"कुणाच्या नावावर?" मी विचारलं. बोलायचं नाही हा नियम मी मोडत होतो, पण कागदावर रकाना नव्हता.

"काष्टी गाव," ते म्हणाले. आणि पाहुण्या संघाला त्यांनी एक मोकळी फेक दिली.

गर्दीतला एक म्हातारा व्यापारी कोर्टकचेऱ्या बघितलेला असावा. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, ह्यात गावाच्या वतीनं हजर कोन ऱ्हायचं?"

मी त्याला मास्तरांकडे बोट दाखवलं. तो गेला नाही.

घरी ते कसे असतील याची मला उत्सुकता होती. एकदा वही आणायला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मार्थाबाईंनी चहा दिला. मास्तर आत कपडे बदलत होते. बाई म्हणाल्या, "आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, पाठक. अजून बाद झाले नाही, यावरून काय ते समजा." आतून आवाज आला, "मी ऐकतोय." बाई म्हणाल्या, "ऐका की. पंचाशी बोलत नाहीये मी." त्या घरात हसत कोण होतं आणि सोसत कोण होतं, मला कधी नीट कळलं नाही.

आता ज्या सामन्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, त्याकडे येतो.

त्या वर्षी अंतिम सामन्यात आमच्या शाळेसमोर सोनईचा संघ आला. सोनई म्हणजे नेवाश्याकडचं मोठं गाव, पण शाळा लहान. तिथल्या गुरुजींनी बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची कडी करून कडुलिंबाला ठोकली होती आणि तिच्यावर पोरं शिकली होती. पोरं शेतकऱ्यांची, अनवाणी. त्यांचा कप्तान किसन, सोळा-सतरा वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. आमच्या हेडमास्तरांनी आधीच मंडळाला विचारून पाहिलं होतं की अनवाणी संघाला खेळू देणं शिस्तीला धरून होईल का. मास्तरांनी पुस्तक काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि सांगितलं, "पायात काय असावं याबद्दल पुस्तकात काही नाही. पाय कुठे असावा, याबद्दल आहे." म्हणून सोनईला खेळता आलं.

अंतिम सामन्याच्या सकाळी आमचा शिपाई तापाने पडला. मैदानाच्या रेषा आखायच्या राहिल्या होत्या, आणि ते काम माझ्याकडे होतं. सोनईचा संघ लवकर येऊन झाडाखाली बसला होता. मी त्यांना विचारलं, जरा चुना टाकू लागता का. आमची पोरं अंतिम सामन्यासाठी विश्रांती घेत होती, त्यांना उठवणं बरं दिसलं नसतं. पाहुण्यांना मात्र कामाला लावणं बरं दिसलं. ती पोरं निमूट उठली. दोऱ्या धरल्या, घमेली उचलली, आणि तासाभरात सगळं मैदान आखून दिलं. किसनने कोपरे केले. काम झालं तेव्हा सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी ते धुळीत झटकले.

चारला सामना सुरू झाला. साळवे मास्तर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त कडक होते, कारण एका बाजूला त्यांची स्वतःची शाळा होती. आमच्या पोरांच्या आगळिका त्यांनी जरा जास्तच उत्साहाने पकडल्या. आमचे हेडमास्तर खुर्चीत चुळबुळ करत होते. खेळ अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटाला आमचे एकवीस, सोनईचे वीस.

तेवढ्यात चेंडू किसनकडे आला. तो आमच्या कडीखालच्या कोपऱ्यात होता, मागच्या रेषेला अगदी लागून. तो तिथून उडाला, चेंडू फळीवर आपटला आणि कडीत पडला. सोनईची पोरं धावत सुटली. आणि मास्तरांची शिट्टी वाजली.

ते चालत किसनपाशी गेले. खाली वाकले. नालबंद बैलाचा पाय उचलतो तसा त्यांनी किसनचा उजवा पाय मागे उचलला आणि टाच सगळ्यांना दाखवली. टाचेच्या भेगांत पांढरा चुना होता.

"चुना," मास्तर म्हणाले. "रेषेवर पाय पडला होता. गुण नाही."

किसनने तोंड उघडलं. मग त्याला काहीतरी आठवलं असावं. त्याने तोंड मिटलं आणि चेंडू आमच्या पोरांकडे दिला.

मी टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलो होतो. तो चुना कुठून आला हे त्या मैदानावर मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. पण गुणलेखकाने बोलायचं नसतं. मी एकवीस-वीस लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

रावसाहेबांनी ढाल आम्हाला दिली. पेला सोनईला दिला. पंचाचा निर्णय एक अक्षर न बोलता मान्य करणं हीच खरी खिलाडूवृत्ती, असं ते म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हे मी मास्तरांना सांगितलं ते चौथ्या दिवशी. चार दिवस का लागले, तर मला नोकरी प्रिय होती, हे एक कारण. दुसरं एखादं बरं कारण मी शोधत होतो, ते सापडलं नाही.

मास्तर मुलांनी काढलेले नकाशे तपासत बसले होते. मी सगळं सांगितलं : शिपायाचा ताप, माझी विनंती, घमेली, घोट्यापर्यंतचे पाय. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सगळ्यांच्या पायांना?"

"सगळ्यांच्या."

"मी एकाचाच पाहिला."

समोरच्या नकाशात कुणीतरी गोदावरी उलटी वाहवली होती, तिच्याकडे ते पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "पाठक, मी पाय रेषेवर पाहिलाच नव्हता. धूळ उडाली होती. मी चुना पाहिला. आणि चुना पाहिल्यावर, पायही पाहिला होता असं मला वाटायला लागलं."

"होतं असं," मी म्हटलं.

"असं होऊ नये म्हणूनच पंच ठेवतात," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, "हो. बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला अर्ज लिहिला. आपल्या पंचाची चूक झालेली असून अंतिम सामन्याचा निकाल रद्द करावा, असा. खाली पंच म्हणून स्वतःचीच सही. मंडळाची बैठक रावसाहेबांच्या ओसरीवर भरली. मला साक्षीला बोलावलं होतं. मी चुन्याचं सांगितलं. रावसाहेब म्हणाले, पाहुण्यांना असं कामाला लावणं योग्य नव्हे. त्या बैठकीत दोषी ठरलेला मी एकटाच.

मग आमचे हेडमास्तर बोलले. ढाल तोवर शाळेच्या दारातल्या काचेच्या कपाटात गेली होती आणि तिच्यासाठी तिथली जुनी समई हलवली होती. ते गोड आवाजात म्हणाले, "साळवे, ते तुमच्या वहीतलं शेवटचं कलम काय आहे?"

मास्तर उभे राहिले. वर्गात पोर उभं राहतं तसे. "पंचाचा निर्णय अंतिम."

"हे पुस्तकात आहे?"

"आहे."

"मग आम्ही बापडे पुस्तकाच्या बाहेर कसं जायचं?"

रावसाहेबांना हा मुद्दा एकदम पटला. ज्या पुस्तकाने त्यांना एकदा मैदानाभोवती फिरवलं होतं, त्याची थोरवी त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवली. अर्ज दप्तरी दाखल झाला. चहा आला. मास्तरांनी घेतला नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "शनिवारी सोनईला जातो. येता का?"

घोडेगावपर्यंत आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो आणि पुढे पायी. ऊन चांगलंच होतं. मास्तरांनी कोटाचं एकही बटण काढलं नाही. वाटेत ते ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मला वाटलं, प्रार्थना असेल.

किसन शेतात मोट हाकत होता. आम्हाला बघून त्याने बैल थांबवले आणि खाली उतरून आला. मास्तर बांधावर उभे राहिले, पाय जुळवले, आणि जे घोकत आले होते ते म्हणाले : "किसन, अंतिम सामन्यात मी दिलेला निर्णय चुकीचा होता. तुझा पाय रेषेवर नव्हता. निदान मी तो पाहिला नव्हता. तुझ्या संघाचा विजय माझ्यामुळे गेला. मी तुझी आणि तुझ्या संघाची क्षमा मागतो."

किसन त्या छापील मराठीकडे बघत राहिला. मग पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "मास्तर, चुना आमीच टाकला हुता. त्यो पायाला लागनारच की."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमीच वाचून दावलं हुतं. पंचाशी बोलायचं न्हाई. दोन बारी वाचलं हुतं."

मास्तरांनी विहिरीकडे तोंड फिरवलं. मी बैलांकडे पाहिलं. त्या क्षणी आम्हा दोघा शिक्षकांना शेतकी विषयात फार गोडी उत्पन्न झाली.

किसनने घरी नेलं. त्याच्या आईने पिठलं-भाकरी वाढली. कोनाड्यात खिलाडूवृत्तीचा पेला होता आणि त्यात मीठ होतं. जेवताना मास्तरांनी मंडळाचा नकार सांगितला. किसन म्हणाला, "मंडळाचं ऱ्हाऊ द्या. ढाल बी ऱ्हाऊ द्या. पुना खेळू की. येत्याल का तुमची पोरं?"

"येतील," मास्तर म्हणाले. पुस्तकाला विचारल्याशिवाय ते काही बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आमच्या पोरांना त्यांनी सोमवारी मैदानावर गोळा केलं आणि सांगितलं, "कपाटातली ढाल तुम्ही जिंकलेली नाही, मी दिलेली आहे. जिंकायची असेल तर शनिवारी सोनईला चला." हेडमास्तरांना हे कळलं. जो जाईल त्याचं वसतिगृह बंद, असं त्यांनी म्हटल्याचं शाळाभर झालं. तरी नऊपैकी सहाजण आले. त्यांतल्या दोघांना, मला वाटतं, फक्त मोटारीत बसायचं होतं. पण खेळायला पाच पुरतात.

सोनईत त्या दिवशी सगळं गाव लिंबाखाली लोटलं होतं. नगरचा मास्तर माफी मागायला येणार, ही बातमी आसपासच्या वाड्यांवर गेली होती. मास्तरांनी लोकांपुढे उभं राहून पुन्हा एकदा तेच छापील वाक्य म्हटलं. म्हातारी माणसं खूश झाली. कुणीतरी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मास्तरांनी तो काढून माझ्या टेबलावर ठेवला, वही उघडली आणि दोन्ही संघांना उन्हात उभं करून सगळे नियम पहिल्यापासून वाचले. पण शेवटच्या कलमाशी थांबले. वही मिटली आणि म्हणाले, "काही चुकलं असं वाटलं तर कप्तानाने हात वर करून सांगायचं."

आणि मग खेळ सुरू झाला. पहिल्याच पाच मिनिटांत मास्तरांनी किसनच्या दोन आगळिका पकडल्या.

ते माफी मागायला आले होते, हे गावाला आठवत होतं. मास्तर ते मागे ठेवून मैदानात उतरले होते. तिसरी आगळीक मध्यंतराआधी झाली. किसनने हात वर केला आणि म्हणाला, "मास्तर, म्या धक्का न्हाई दिला, त्योच आदळला." मास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं. दोन पावलं मागे जाऊन, कोण कुठे होतं ते पायाने मातीत आखून पाहिलं. मग म्हणाले, "तू कोपर काढलं होतंस. मी पाहिलं." किसनने आपल्या कोपराकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हय. काढलं हुतं."

चौथी आगळीक दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच झाली. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि बोटं वर केली. किसन बाद.

गर्दीत मागून एक म्हातारी म्हणाली, "ह्यो मानूस माफी मागाया आलाय का पोराला हाकलाया?" लोक हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. दोन-चार तरणे पुढे सरकले. मी टेबलावरचा हार जरा बाजूला सरकवला. का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा पळताना मध्ये येऊ नये म्हणून.

मास्तर जागचे हलले नाहीत. किसनच त्या तरण्यांपुढे गेला. "मागं सरा," तो म्हणाला, "चार झाल्या. चार झाल्या की भाईर." आणि तो माझ्या टेबलाशेजारी मातीत येऊन बसला. बसल्यावर त्याने माझ्या कागदात डोकावून आपल्या नावापुढच्या चार फुल्या मोजल्या. बरोबर होत्या.

किसन बाहेर गेल्यावर सोनईचा खेळ पडला. आमची पोरं दमलेली होती, तरी नऊ गुणांनी जिंकली. या वेळी टाच नाही, चुना नाही, शेवटचं मिनिट नाही. सरळ हार. मला वाटलं, आता हे लोक आपल्याला चालत घोडेगावला तरी जाऊ देतील का.

मास्तर किसनपाशी आले. घामाने त्यांचा कोट पाठीला चिकटला होता. काय बोलावं ते त्यांनी या वेळी घोकून आणलं नव्हतं.

किसन उठला, मागची माती झटकली आणि म्हणाला, "आता कसं मास्तर, नीट हरलो."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टाच तपासायला उचलली ती सोडली, तर मी त्यांना कुठल्या खेळाडूला हात लावताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

नगरला परतल्यावर जे व्हायचं ते झालं. मंजुरीशिवाय सामना खेळवला म्हणून मंडळाने साळवे मास्तरांचं नाव पंचांच्या यादीतून काढलं. यादीत तेवढं एकच नाव होतं. पुढच्या वर्षीपासून हेडमास्तरांचे मेहुणे पंच झाले. त्यांना नियमांचा काच नव्हता, त्यामुळे सामने अर्धा तास लवकर संपू लागले आणि रावसाहेबांना खेळ अधिक आवडू लागला. ढाल कपाटातच राहिली. आमच्या सहाही पोरांचं वसतिगृह चालू राहिलं, कारण ते बंद करायचं तर त्याचं कारण कागदावर लिहावं लागलं असतं.

जूनमध्ये मास्तरांची बदली झाली. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पलीकडे डोंगरात मिशनची एक प्राथमिक शाळा होती, तिथे अनुभवी माणसाची फार निकड आहे असं अचानक सर्वांच्या लक्षात आलं. मास्तरांनी फक्त विचारलं की ही बदली कुठल्या नियमाखाली. नियम नव्हता. त्यांनी सामान बांधलं. मार्थाबाई मला म्हणाल्या, "पाठक, शेवटी दोघंही एकदमच बाद झालो." आणि त्या हसल्या. त्या दिवशी मला कळलं की त्या घरात हसणाऱ्या त्याच होत्या, आणि सोसणाऱ्याही.

तीन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी अकोल्याला गेलो होतो. काम संपल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. भाताच्या खाचरांतून वर चढत गेलं की शाळा. गावात सपाट म्हणावी अशी जेवढी जमीन होती तेवढ्यात भात होता, म्हणून खेळाला गायरानाचा उतार मिळालेला. मास्तरांनी दोन वासे रोवून वर वेताच्या कड्या बांधल्या होत्या. एक कडी वर, एक खाली, आणि खालच्या बाजूला खेळणाऱ्यांना चेंडू ओढ्यात जाण्याची कायमची धास्ती. मास्तरांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. अंगात कोट नव्हता, नुसता सदरा होता.

आम्ही जुन्या गोष्टी फारशा बोललो नाही. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, मी मार्थाबाईंच्या दम्याची. परतायची मोटार वरच्या रस्त्याला प्रवासी गोळा करत थांबली होती. मास्तर मला पोचवायला गायरानाच्या कडेपर्यंत आले आणि पाठीमागे पोरांचा खेळ चालूच होता. आम्ही बोलत असतानाच गलका झाला. चेंडू मैदानाबाहेर गेला आणि उतारावरून ओढ्याकडे गडगडत निघाला.

"थांबा, मी आणतो," मास्तर पोरांना म्हणाले, माझा हात सोडला आणि बाजूबाजूने पाय टाकत, झुडपांना धरत खाली उतरले. थोड्याच वेळात त्यांचं डोकंही दिसेनासं झालं.

मी मोटारीत जाऊन बसलो. खिडकीतून पोरं दिसत होती. दहा-बारा पोरं, कडेला एका रांगेत, खाली बघत. दोघांत जुंपली होती. एकाने तोंडाला हात लावून खाली हाक दिली, "मास्तर, चेंडू कुनाचा?"

खालून, झाडीतून, मास्तरांचा आवाज आला. दम लागलेला होता. "मी पाहिलं नाही रे. तुम्हीच सांगा."

वर भांडणारी दोन पोरं एकमेकांकडे बघत उभी राहिली. ड्रायव्हरने मोटार सुरू केली. त्या आवाजात मला नीट ऐकू आलं नसतं, पण त्यांतलं एक पोरगं ओरडूनच बोललं, खालपर्यंत ऐकू जावं म्हणून.

"त्येंचा हाय, मास्तर."

मोटार वळणावर आली तेव्हा पोरं आपापल्या जागी जाऊन उभी राहिली होती. मास्तर अजून वर यायचे होते.